गच्चीवरच्या छत्रीचा रंग

नव्या वस्तूचे कौतुक करावयास माणसे सहज मिळतात. जुन्या वस्तूची निगा राखावयास मात्र ती शोधावी लागतात. घराच्या गच्चीवर उभी असलेली दूरचित्रवाणीची छत्री ही अशीच एक उपेक्षित वस्तू आहे. ती बसविली जाते त्या दिवशी घरातील लहानथोर तिच्याभोवती जमतात. कोणी गच्चीवरून हाक देतो, कोणी खालून ‘आले, आले’ म्हणून ओरडतो, आणि चित्र स्थिर झाले की सारी मंडळी खाली निघून जातात. त्यानंतर दहा-दहा वर्षे तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पावसाळ्यामागून पावसाळे जातात, वैशाखाचे ऊन तिच्यावर तापते, कावळे आणि कबुतरे तिच्या काठावर विसावतात. मग एखाद्या दिवाळीच्या आधी गच्ची झाडताना घरधन्याचे लक्ष तिच्याकडे जाते. तिच्या अंगावरून बोट फिरवावे तर बोटाला पांढरी भुकटी लागते. कडेने तांबूस डाग पसरलेले दिसतात. एका बाजूला तर रंगाचे पोपडेच सुटलेले असतात. गृहस्थ मनाशी म्हणतो, घराला रंग देतोच आहोत, तर उरलेल्या रंगाचा एक हात हिलाही देऊन टाकावा.

हा विचार सद्हेतूचा आहे, परंतु घाईचा आहे. छत्रीला रंग द्यावा काय, द्यावा तर कोणता, आणि त्याने चित्र सुधारेल की बिघडेल, ह्या प्रश्नांची उत्तरे रंगाच्या डब्यावर लिहिलेली नसतात. छत्री काय काम करते हे जाणल्यावाचून ती मिळत नाहीत.

विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने तिच्याभोवती फिरतो आणि म्हणून पृथ्वीवरून पाहणाऱ्यास तो एकाच जागी स्थिर भासतो. ब्रिटिश लेखक आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ ह्या नियतकालिकात अशा उपग्रहांच्या द्वारे सर्व जगभर प्रक्षेपण करता येईल, हा विचार मांडला. आज दूरदर्शनची विनाशुल्क सेवा ज्या उपग्रहावरून भारतभर पोचते, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. इतक्या दुरून येणाऱ्या लहरी घरापर्यंत पोचतात तेव्हा त्या अत्यंत क्षीण झालेल्या असतात. मुठीएवढ्या ग्राहकाने त्या टिपणे शक्य नसते. म्हणून साठ सेंटिमीटर व्यासाच्या पत्र्यावर पडणाऱ्या सगळ्या लहरी एका बिंदूवर आणून सोडण्याचे काम छत्री करते. तिचा आकार अन्वस्ताचा असतो. आणि एका दिशेने समांतर आलेल्या साऱ्या किरणांना एकाच नाभीवर एकत्र करणे हा अन्वस्ताचा गुणच आहे. त्या नाभीवर दांड्याच्या टोकाला जो लहानसा डबा बसविलेला असतो, त्याला कारागीर ‘एलएनबी’ म्हणतात. आलेल्या लहरींचे बळ वाढवून आणि त्यांची कंपनसंख्या उतरवून तो त्या केबलमार्गे घरात पाठवितो.

उपग्रह कोणाला किती उंचीवर दिसेल, हे त्याच्या गावावर अवलंबून असते. ह्या उपग्रहाकडे पाहणारी मुंबईची छत्री आग्नेय दिशेला क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर पाहते, नागपूरची ६० अंश, दिल्लीची ५२ अंश, आणि कोलकात्याची जवळजवळ दक्षिणेकडे ६३ अंश. पाहणाऱ्याला मात्र छत्री इतकी वर पाहते आहे असे वाटत नाही. ती बरीच उभी दिसते. ह्याचे कारण असे की घरगुती छत्री हा पूर्ण अन्वस्ताच्या बाजूचा कापून घेतलेला तुकडा असतो. तिची खरी नजर तिच्या दिसण्याहून वीस-पंचवीस अंश वर असते. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे अनेकजण छत्री वाकली आहे असे समजून ती ‘सरळ’ करावयास जातात आणि चालते चित्र घालवून बसतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. लहर परावर्तित करणारा पृष्ठभाग किती गुळगुळीत असावा लागतो? ह्याचे उत्तर भारतातल्या खेड्यांनी १९७५ साली प्रत्यक्ष पाहिले आहे. त्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून पुढच्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंत राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक ह्या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत अमेरिकेच्या एटीएस-६ ह्या उपग्रहाच्या साहाय्याने दूरचित्रवाणीचा प्रयोग करण्यात आला. त्या खेड्यांतून उभारलेल्या छत्र्या तीन मीटर व्यासाच्या होत्या, आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीच्या केलेल्या होत्या. जाळीतून वारा आरपार जाई, ऊन जाई, पाऊस जाई. पण उपग्रहाची लहर मात्र जात नसे. कारण ती लहर ३५ सेंटिमीटर लांबीची होती, आणि तिच्या हिशेबी जाळीची बारीक छिद्रे नसल्यासारखीच होती. क्लार्क त्या वेळी श्रीलंकेत राहत असत. ज्या कल्पनेचे ते जनक होते तिचा प्रयोग त्यांना घरबसल्या पाहता यावा म्हणून भारताने त्यांच्या कोलंबोतील निवासस्थानीही एक छत्री उभारून दिली होती. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जी महाकाय दुर्बीण उभी राहिली, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस छत्र्यांनाही पत्रा नाही. पोलादाच्या बारीक तारांची जाळीच आहे. तत्त्व तेच: आपल्या लांबीच्या मानाने जे फार लहान आहे, त्याची लहर दखल घेत नाही.

घरावरच्या छत्रीकडे येणारी लहर मात्र पुष्कळ आखूड, सुमारे अडीच सेंटिमीटरांची असते. साहजिकच तिचे डोळे अधिक तीक्ष्ण असतात, आणि येथे मिलिमीटरांचा हिशेब ठेवावा लागतो. पृष्ठभागाच्या उंचसखलपणामुळे किती बळ वाया जाते, ह्याचे गणित जॉन रूझ नावाच्या अभियंत्याने मांडून ठेवलेले आहे. त्या गणिताप्रमाणे घरगुती छत्रीचा पृष्ठभाग सरासरीने एक मिलिमीटर चुकला, तर सुमारे एक-पंचमांश बळ जाते. दोन मिलिमीटर चुकला तर निम्म्याहून अधिक जाते. ह्याउलट रंगाचा एक हात वाळल्यावर मिलिमीटराच्या विसाव्या हिश्शाहून क्वचितच जाड असतो. दोन-तीन हात दिले तरी ती जाडी लहरीच्या लक्षात येत नाही. साधा रंग धातूसारखा लहरीला अडवीतही नाही. लहर त्यातून आत जाते, खालच्या पत्र्यावर आपटते आणि परत फिरते. पांढरा, राखाडी, विटकरी, भिंतीशी मिळताजुळता, ह्यांतला कोणताही रंग तिला सारखाच. ह्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. नीट दिलेल्या रंगाने चित्र बिघडत नाही, ही पहिली. आणि नवा रंग दिल्याने चित्र सुधारतही नाही, ही दुसरी. छत्री चकचकीत झाली म्हणजे चित्र उजळेल, अशी आशा कोणी बाळगू नये.

मग रंग कोणताही चालेल काय? नाही, आणि येथेच नेमकी चूक होते. छत्रीवर केवळ उपग्रहाची लहर येत नाही, सूर्याचा प्रकाशही येतो. अन्वस्ताचा गुण पक्षपात करीत नाही. पृष्ठभाग आरशासारखा असेल तर तो सूर्याचे किरणही त्याच इमानाने नाभीवर आणून सोडील, आणि नाभीवर बसला आहे बिचारा एलएनबी. साठ सेंटिमीटरांच्या छत्रीवर भर उन्हात सुमारे अडीचशे वॅट इतकी सूर्याची ऊर्जा पडते. चकाकत्या धातूच्या छत्रीने तिचा बहुतांश भाग त्या डब्याच्या तोंडावर एकवटला, तर त्याचे प्लॅस्टिकचे झाकण तग धरणार नाही. असे रोज घडत नाही. परंतु वर्षातून दोनदा सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो. भारतात ही वेळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास येते, आणि ह्या उपग्रहाच्या बाबतीत ती सकाळी अकराच्या सुमारास येते. त्या दिवसांत काही मिनिटे चित्र विस्कटते, कारण सूर्याच्या स्वतःच्या लहरींच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडून जातो. त्याच मिनिटांत सूर्याची उष्णताही छत्रीत सरळ उतरलेली असते.

म्हणून छत्रीचा पृष्ठभाग असा हवा की जो लहरीला आरसा वाटावा आणि प्रकाशाला खडबडीत भिंत. ऐकताना हे विलक्षण वाटते, पण साध्या निस्तेज रंगाने ते सहज साधते. प्रकाशाची लहर मिलिमीटराच्या हजाराव्या भागाहूनही आखूड असते. निस्तेज रंगाचा सूक्ष्म खरखरीतपणा तिच्या दृष्टीने डोंगरदऱ्यांसारखा असतो. त्यावर आपटून प्रकाश दाही दिशांना विखुरतो. उपग्रहाच्या लहरीला तोच पृष्ठभाग सपाट मैदानासारखा वाटतो. कारखान्यातून येणाऱ्या छत्र्यांना निस्तेज पांढरट किंवा राखाडी रंग असतो, तो ह्यामुळे.

रंगाच्या दुकानात मात्र घरधन्याला बहुधा दोन सल्ले मिळतात. पहिला म्हणजे फाटकांना आणि नळांना देतात तो चांदीचा रंग द्यावा. ‘पत्रा आहे, पत्र्याला हाच शोभतो’. त्या रंगात ॲल्युमिनियमचे कण असतात आणि त्यांचा चकाकणे हाच धर्म आहे. छत्रीला तो वर्ज्य समजावा. दुसरा सल्ला चकचकीत ऑइल पेंटचा. तो इतका घातक नाही. त्याच्या तुकतुकीत पृष्ठभागावरून आरशाप्रमाणे परतणारा प्रकाश शेकडा चार-पाचच असतो. म्हणजे अडीचशे वॅटांपैकी दहा-बारा. तेवढ्याने डबा वितळणार नाही, पण त्याच किमतीत निस्तेज रंग मिळत असता ही उष्णता विकत घेण्याचे प्रयोजन काय? दुकानात ‘मॅट’ म्हणून मागितला की तो रंग मिळतो.

रंगाआधी स्वच्छता. छत्रीवरच्या पक्ष्यांच्या विष्ठेवरून विज्ञानाच्या इतिहासातील एक प्रसंग आठवावा असा आहे. १९६४ साली अमेरिकेत न्यू जर्सी येथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन हे दोघे शास्त्रज्ञ कर्ण्याच्या आकाराच्या एका मोठ्या ग्राहकावर काम करीत होते. आकाशाच्या कोणत्याही दिशेला तो वळविला तरी एक मंद गोंगाट ऐकू येई. ग्राहकात कबुतरांनी घरटे केले होते आणि आतून पांढरा थर साचला होता. त्या दोघांनी कबुतरे हलविली, तो थर पुसून काढला, सांधे ॲल्युमिनियमच्या पट्टीने बुजविले. पण गोंगाट जवळजवळ तसाच राहिला. तो विश्वाच्या आरंभापासून उरलेल्या प्रारणाचा आवाज होता. १९६५ साली त्यांनी आपले निरीक्षण प्रसिद्ध केले आणि १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. घरच्या छत्रीत विश्वाचे रहस्य सापडण्याचा संभव नाही. तथापि त्या शास्त्रज्ञांचा क्रम अनुकरणीय आहे. निष्कर्ष काढण्यापूर्वी त्यांनी आपले साधन घासूनपुसून स्वच्छ केले. चित्र अडू लागले की लगेच यंत्र बदलावयास निघणाऱ्यांनी आधी गच्चीवर जाऊन एकदा पाहून यावे.

बोटाला लागणारी ती पांढरी भुकटी म्हणजे रंग विरत चालल्याची खूण. पांढऱ्या रंगातील टायटॅनियमचे कण ज्या चिकट द्रव्याने पत्र्याला धरून ठेवलेले असतात, ते द्रव्य उन्हातील अतिनील किरणांनी हळूहळू तुटते आणि कण मोकळे होतात. एवढ्याने छत्रीचे काम बिघडत नाही. परंतु रंगाचा थर झिजला की ओलावा लोखंडापर्यंत पोचतो. चांगल्या पत्र्याला जस्ताचा लेप असतो. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचविते. ते संपले की गंजाची पाळी येते. गंज हा लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो वरच्या रंगाला उचलून धरतो आणि पोपडे सुटतात. पोपड्याखाली पाणी साठते आणि गंज अधिकच वाढतो. कोकणात, गोव्यात, आणि एकंदर सागरकिनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यामुळे हे चक्र देशावरच्यापेक्षा पुष्कळ वेगाने फिरते. रंगाचे खरे काम हे चक्र थांबविण्याचे आहे.

तेव्हा रंगकामाची पद्धत अशी असावी. दिवस पावसाळ्यानंतरचा, कोरडा असावा. पत्रा तापण्यापूर्वीची सकाळची वेळ उत्तम, मात्र दव सुकलेले असावे. छत्री तिच्या जागेवरून काढू नये. साठ सेंटिमीटरांच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. ती दीड अंश ढळली तरी येणारे बळ निम्म्यावर उतरते. काढणे अपरिहार्यच असेल, तर खांबावर आणि पकडीवर मिळून एक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे पुन्हा बसविताना मार्ग सापडतो. सेट टॉप बॉक्सची वीज बंद करावी. एलएनबीवर कापड आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. त्याच्या तोंडावरच्या झाकणाला रंगाचा थेंब लागता कामा नये, कारण त्यातूनच लहर आत शिरते, आणि थिनरने ते प्लॅस्टिक खराब होते. छत्री साबणाच्या पाण्याने धुऊन वाळू द्यावी. गंजलेल्या जागा तारेच्या ब्रशाने मोकळ्या कराव्यात आणि सगळ्या अंगावरून पॉलिश पेपर फिरवावा. पत्रा ठोकू नये, दाबू नये, त्याच्यावर शिडी टेकू नये. मोकळ्या पडलेल्या लोखंडाला रेड ऑक्साइडसारख्या गंजरोधक प्रायमरचा हात द्यावा, आणि तो पुरता वाळल्यावर निस्तेज रंगाचे दोन पातळ हात. जाड हात देण्याचा मोह टाळावा. ओघळ येतात, आणि पातळ थरांइतके ते टिकतही नाहीत. मागची बाजू, कडा आणि खांब ह्यांना समोरच्या भागापेक्षा अधिक काळजीने रंगवावे, कारण पाणी तेथेच रेंगाळते.

रंग काय करू शकत नाही, हेही जाणले पाहिजे. वाऱ्याने वाकलेली किंवा पडून पोचा आलेली छत्री रंगाने सुधारत नाही. दोन मिलिमीटरांचा हिशेब वर सांगितलाच आहे. गंजाने पत्र्याला भोके पडली असतील तर ती छत्री भंगारात द्यावी, तिच्यावर रंग वाया घालवू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खांब आणि भिंतीत रोवलेले बोल्ट. वादळात छत्री शिडासारखा वारा धरते. तिचे नट गंजून सैल झाले असतील, तर चौथ्या मजल्यावरून रस्त्यावर काय कोसळेल, ह्याचा विचार रंगाच्या निवडीआधी करावयास हवा. सुस्थितीतल्या पत्र्यामागे कुजलेला बोल्ट रंगवून टाकणे म्हणजे धोका झाकणे होय.

एवढा खटाटोप एका पत्र्याच्या ताटलीसाठी कशाला, असे कोणी विचारील. नवी छत्री फार महाग नाही, आणि शहरांतून तर दूरचित्रवाणी आता दुसऱ्या मार्गांनीही घरात येते. परंतु सर्वांची घरे शहरांत नाहीत, आणि दरमहा शुल्क देणे सर्वांना परवडतही नाही. दूरदर्शनची विनाशुल्क उपग्रहसेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. पूर्वी घराघरांवर दिसणाऱ्या काड्यांच्या अँटेना ज्या भूमीवरील प्रक्षेपकांकडे पाहत असत, त्यांपैकी बहुतेक आता बंद झाले आहेत. अनेक घरांना बाहेरच्या जगाशी जोडणारा धागा म्हणून ही छत्रीच उरली आहे. शिवाय जमिनीवरच्या प्रक्षेपकाला डोंगर अडवितो, अंतर अडविते. उपग्रहाला राज्याची सीमा ठाऊक नसते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत सह्याद्री वाहिनीवरची मराठी ह्याच छत्रीतून उतरते. घरातल्या नातवंडांची शाळा हिंदीत किंवा इंग्रजीत असते, शेजार दुसऱ्या भाषेचा असतो, आणि आजीच्या कानावर दिवसातून तासभर तरी आपली भाषा पडते ती गच्चीवरच्या त्या गंजक्या ताटलीच्या कृपेने.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पाऊस ह्या आखूड लहरींना शोषून घेतो. छत्री सुस्थितीत असेल तर तिच्याजवळ थोडे बळ शिलकीत असते आणि साध्या सरीतून चित्र निभावून जाते. वाकलेल्या, सैल झालेल्या छत्रीजवळ ही शिल्लक नसते. जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपणात चित्र हळूहळू धूसर होत असे आणि दुखण्याची सूचना आधीच मिळत असे. अंकीय प्रक्षेपणात तसे होत नाही. बळ एका मर्यादेखाली उतरेपर्यंत चित्र स्वच्छ असते आणि मग एकाएकी थिजते. कोरड्या दिवसांत सारे ठीक वाटते. पण किनाऱ्यावर वादळाचा इशारा दिला जात असतो, नदीचे पाणी वाढत असते, आणि बातमी ऐकण्याची खरी निकड असते, नेमक्या त्याच वेळी पडदा काळा होतो. निगा न राखल्याची किंमत सोयीच्या दिवशी मोजावी लागत नाही. ती अडचणीच्या दिवशीच मोजावी लागते.

मराठी घराला ही गोष्ट नवी नाही. पावसापूर्वी कौले शाकारून घेणे, भांड्यांना कल्हई लावणे, खंडेनवमीला हत्यारे पुसूनघासून पुजणे, ह्या चाली म्हणजे वस्तूंचे ऋण मान्य करण्याच्या रीती होत्या. ज्या घरात छप्पर वेळेवर शाकारले जाई, त्या घरात पावसाळ्यात भांडी मांडून गळती झेलण्याची पाळी येत नसे. सार्वजनिक कारभारातही पुलाच्या उद्घाटनाला गर्दी होते आणि त्याच्या कठड्याला रंग देण्याच्या खर्चाची तरतूद मागे पडते. घरगुती कारभाराचे तसे होऊ नये, इतके तरी प्रत्येक गृहस्थाच्या हाती आहे. वर्षातून एकदा गच्चीवर जाणे, काठावरची घाण धुणे, नट आवळून पाहणे, आणि काही वर्षांनी निस्तेज रंगाचे दोन पातळ हात देणे, ह्याला फार तर एक सुटीची सकाळ लागते. कौलांच्या जागी सिमेंटची गच्ची आली आणि तीवर छत्री आली. पावसाळा मात्र तोच राहिला आहे, आणि त्याच्या आधी करावयाचे काम कोणत्या घरात झाले आहे, हे तो दरवर्षी पूर्वीप्रमाणेच तपासून पाहतो.